कॉलेजातला गणिताचा पहिला कोर्स कोणता घ्यावा? (एपी कॅल्क्युलस बीसीला ५ आहेत)

केवडा_जर्सी, ८ जुलै

नमस्कार मंडळी. मुलगी सप्टेंबरपासून रटगर्सला, म्हणजे न्यू जर्सीच्या राज्य विद्यापीठात, जाते आहे, कॉम्प्युटर सायन्ससाठी. गणितातही डबल मेजर करावं, म्हणजे दोन्ही मुख्य विषय घ्यावेत, असं तिच्या मनात आहे, पण ते अजून पक्कं नाही. काल एपीचे, म्हणजे शाळेत असतानाच देतात त्या कॉलेज पातळीच्या परीक्षांचे, निकाल आले. कॅल्क्युलस बीसीला तिला पाचपैकी ५ मिळाले. घरात आनंद झाला आणि रात्री जेवताना वादही झाला.

रटगर्समध्ये या ५ वर १५१ आणि १५२, म्हणजे कॅल्क्युलस एक आणि दोन, दोन्हींचं क्रेडिट मिळतं. मग ती थेट २५१ (मल्टिव्हेरिएबल, म्हणजे अनेक चलांचं कॅल्क्युलस) किंवा २५० (लिनिअर अल्जिब्रा) घेऊ शकते. २५१ चाच जास्त कठीण, ऑनर्सचा २९१ पण आहे आणि तिचा डोळा त्यावरच आहे. नवऱ्याचं म्हणणं, क्रेडिट सोडून दे, १५२ पुन्हा घे, पहिल्या सेमिस्टरला ए मिळव आणि नव्या जागी रुळून घे. मुलीला हे ऐकूनच राग येतो. तिच्या वर्गातली सगळी मुलं पुढचेच कोर्स घेणार आहेत आणि तिला मागे राहिल्यासारखं वाटतं.

मी कोल्हापूरला बी.कॉम. केलं. आमच्याकडे प्रवेश घेतला की वेळापत्रक हातात पडायचं, पहिला कोर्स निवडायचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे मला यातलं कळत नाही. ओरिएंटेशनला अॅडव्हायझरने पंधरा मिनिटं दिली आणि 'तुम्हाला क्रेडिट आहे, काहीही चालेल' असं सांगितलं. हे 'काहीही चालेल' मला पुरेसं वाटत नाही. ज्यांनी शिकवलंय, शिकलंय किंवा मुलांना यातून नेलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

घाटमाथा, ८ जुलै

अभिनंदन! माझं मत स्पष्ट आहे: क्रेडिट मिळालंय ना, मग वापरा. मुलीने दोन वर्षं मेहनत करून ते कमावलंय. माझा मुलगा पर्ड्यूला इंजिनिअरिंगला होता. त्याला कॅल्क्युलस एक आणि दोन माफ झाले आणि तो पहिल्याच सेमिस्टरला २६१०० म्हणजे मल्टिव्हेरिएबलला बसला. इंजिनिअरिंगमध्ये कोर्सेस एकमेकांना साखळीसारखे बांधलेले असतात. मल्टिव्हेरिएबल उशिरा झालं की डिफरन्शियल इक्वेशन्स उशिरा, मग सर्किट्स उशिरा, आणि शेवटच्या वर्षी हवा तो कोर्स घ्यायला जागाच उरत नाही. दुसऱ्या सेमिस्टरच्या फिजिक्समध्ये गाऊसचा नियम आला, तेव्हा सरफेस इंटिग्रल म्हणजे काय हे त्याला आधीच माहीत होतं. त्याचा फार उपयोग झाला.

सहज मिळणाऱ्या ए साठी चार महिने तेच ते करणं मला पटत नाही.

खडूफळा, ९ जुलै

केवडाताई, मी इथल्या एका राज्य विद्यापीठात बरीच वर्षं कॅल्क्युलस शिकवतो. दर ऑगस्टमध्ये हा प्रश्न घेऊन मुलं माझ्या दाराशी येतात, त्यामुळे थोडं लांब लिहितो.

आधी त्या ५ बद्दल. ५ मिळणं चांगलंच आहे, पण त्यावरून मुलीला नेमकं काय येतं ते कळत नाही. बीसीच्या परीक्षेत ४५ बहुपर्यायी प्रश्न आणि ६ लेखी प्रश्न असतात. ५ साठी लागणारी गुणांची रेषा दर वर्षी थोडी हलते, पण ती एकूण गुणांच्या साधारण दोन तृतीयांशाच्या आसपास असते. म्हणजे एक तृतीयांश पेपर हातून गेला तरी ५ येऊ शकतात. अलीकडच्या वर्षांत बीसीला बसणाऱ्या दहापैकी चारांहून अधिक मुलांना ५ मिळालेत. त्यात सगळं पक्कं असलेली मुलं असतात आणि सीरीजचा (अनंत मालिकांचा) आख्खा भाग कसाबसा ओढून नेलेलीही असतात. दोघांचं प्रमाणपत्र सारखंच दिसतं.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच काम सांगतो. जो कोर्स सोडायचा आहे, त्याच कोर्सची, त्याच विद्यापीठाची जुनी फायनल परीक्षा मिळवा. बहुतेक गणित विभाग जुने पेपर किंवा सरावाचे संच स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवतात. तुमच्या बाबतीत तो १५२ चा पेपर. मुलीने एका सकाळी दार लावून, कॅल्क्युलेटर आणि वही बाजूला ठेवून, घड्याळ लावून तो सोडवावा. परीक्षा मे महिन्यात झाली, आता जुलै चाललाय, म्हणजे विसरायला लागतो तेवढा वेळ गेलाय. आत्ता जे आठवतं तेच सप्टेंबरमध्ये तिच्याजवळ असणार आहे.

पेपर हाती येईपर्यंत हे तीन प्रश्न तिच्यापुढे ठेवा.

पहिला: १/क्ष² या फलनाचं उणे १ पासून १ पर्यंतचं इंटिग्रल काढ. सूत्र लावणारी मुलं झटकन 'उणे २' लिहितात. फलन सगळीकडे धन आहे, मग त्याखालचं क्षेत्रफळ ऋण कसं येईल? हा प्रश्न ज्या मुलाच्या मनात स्वतःहून उठतो, ते मूल शून्याजवळ काय बिघडतंय ते शोधतं आणि इंटिग्रल अस्तित्वातच नाही या उत्तराशी पोचतं.

दुसरा: १ − १/२ + १/३ − १/४ अशी मालिका चालू ठेवली. बेरजेतली चूक १/१००० पेक्षा कमी राहील अशी खात्री द्यायची असेल, तर किती पदं घ्यावी लागतील, आणि ती खात्री कशाच्या आधारावर?

तिसरा: साइन क्ष ची टेलर मालिका पाठ म्हणू नकोस, ती कुठून आली ते कागदावर काढून दाखव.

तिन्ही नीट जमले तर १५२ पुन्हा घेण्यात अर्थ नाही. आतून कंटाळा येईल आणि वर्गात न जाण्याची सवय लागेल. एखाददुसरा अडला, तर तेवढा भाग ऑगस्टमध्ये दुरुस्त होतो. तिन्ही अडले आणि जुन्या पेपरातही निम्म्यापर्यंत पोचता आलं नाही, तर ५ असले तरी १५२ घेण्यात कसलाही कमीपणा नाही. तिच्या बाबांना ए मिळेल म्हणून १५२ हवाय, मला ज्ञानातली भोकं बुजतील म्हणून हवाय. कारण बदललं की मुलीशी बोलायची पद्धतही बदलेल. तिला 'तू घाबरून मागे जा' असं ऐकू येतंय, ते तिच्या मनातून काढायला हवं.

घाटमाथांशी मी इंजिनिअरिंगपुरता सहमत आहे, तिथे साखळी खरंच कडक असते. पण या मुलीचं मेजर कॉम्प्युटर सायन्स आहे. रटगर्समध्ये २०५, म्हणजे डिस्क्रीट स्ट्रक्चर्स, घ्यायला १११ हा प्रोग्रामिंगचा कोर्स आणि कॅल्क्युलस दोन लागतं. १११ ती पहिल्या सेमिस्टरला घेणारच, मग त्यासोबत १५२ पुन्हा केला तरी २०५ दुसऱ्या सेमिस्टरला मिळतोच. म्हणजे तिच्या बाबतीत मागे राहण्याचा धोका जवळपास नाही. जो निर्णय घ्याल तो या भीतीपोटी घेऊ नका.

चौथी_मिती, ९ जुलै

मी गणितात पीएचडी करते आहे, टीए (शिक्षक-सहायक) म्हणून २५१ सारखेच वर्ग घेते. खडूफळा सरांचं सगळं पटलं, फक्त एक बाजू राहिली: तिला गणितात डबल मेजर करायचंय.

१५१, १५२, २५१ हे तिन्ही कोर्स एकाच जातीचे. प्रश्न येतो, पद्धत ओळखायची, हिशोब करायचा, उत्तर चौकटीत लिहायचं. गणिताचं मेजर जिथे खरं सुरू होतं ते रटगर्समधलं ३००, मॅथेमॅटिकल रीझनिंग. तिथे सिद्धता लिहायला शिकवतात. त्यापुढे ३११ चं रिअल अॅनालिसिस आणि ३५१ चं अॅब्स्ट्रॅक्ट अल्जिब्रा. २५१ मध्ये ए मिळवणारी मुलं ३०० मध्ये अडखळताना मी नेहमी पाहते, आणि २५१ मध्ये हिशोबात गडबडणारी काही मुलं तिथे फुलतात.

मी पहिल्या तासाला दोन वाक्यं फळ्यावर लिहिते. 'प्रत्येक संख्येसाठी तिच्याहून मोठी अशी एक संख्या असते.' 'अशी एक संख्या असते जी प्रत्येक संख्येहून मोठी आहे.' शब्द जवळजवळ तेच आहेत. पहिलं खरं, दुसरं खोटं. फरक का पडला हे जे मूल शांतपणे, पूर्ण वाक्यांत लिहू शकतं, त्याला पुढचं अॅनालिसिस जड जात नाही. लिमिटची एप्सिलॉन-डेल्टावाली व्याख्या म्हणजे याच 'प्रत्येक' आणि 'एक तरी' यांची नीट लावलेली रांग आहे.

म्हणून माझा सल्ला असा की पहिल्या सेमिस्टरला १५२ घ्या की २५१, यावर फार रात्री घालवू नका. पण ३०० दुसऱ्या सेमिस्टरपर्यंत जरूर घ्या. डबल मेजर आपल्याला आवडणार आहे की नाही, ते तिथे कळतं. तिसऱ्या वर्षी कळलं तर फार उशीर होतो. २९१ बद्दल: त्यात सिद्धतांची चव असते, वर्ग छोटा असतो, सोबतची मुलं जिद्दी असतात. तिला गणित मनापासून आवडत असेल तर जरूर विचार करावा. पण '२५१ सगळेच घेतात म्हणून मला २९१ हवा' एवढंच कारण असेल, तर ऑक्टोबरपर्यंत ते टिकत नाही.

सांजवात, १० जुलै

धाग्याला थोडं वळण देते, क्षमस्व. माझा मुलगा रटगर्सलाच बायोलॉजी घेतोय, पुढे मेडिकलचा विचार आहे. एपी कॅल्क्युलस एबीला (बीसीहून खालची परीक्षा) ३ आलेत, म्हणजे क्रेडिट नाही. १३५ घ्यायचा की १५१? मित्रांनी सांगितलंय की १३५ सोपा आहे आणि जीपीए (ग्रेडची सरासरी) जपायचा असेल तर तोच घे. मेडिकल कॉलेजं गणित किती बघतात?

खडूफळा, १० जुलै

सांजवातताई, विषय जवळचाच आहे, संकोच नको.

१३५ आणि १३६ हे बायोलॉजी, बिझनेस आणि कला शाखेसाठी आखलेले कोर्स आहेत, १५१ आणि १५२ विज्ञान आणि इंजिनिअरिंगसाठी. दोन्हींत डेरिव्हेटिव्ह शिकवतात, पण दारं वेगळीकडे उघडतात. १३५-१३६ करून मल्टिव्हेरिएबलला जाता येत नाही, त्यासाठी १५२ चं कॅल्क्युलस दोन लागतं. मुलाला बायोलॉजीच करायचीय याबद्दल घरात सगळ्यांची, आणि मुख्य म्हणजे त्याची, खात्री असेल तर १३५ योग्य आहे. जरा जरी शंका असेल, उद्या बायोमेडिकल इंजिनिअरिंग किंवा डेटा सायन्सकडे मन वळेल असं वाटत असेल, तर १५१ घ्यावा. वरून खाली येणं सोपं, खालून वर जायला एक आख्खं सेमिस्टर जातं.

मेडिकल कॉलेजांचं म्हणाल तर प्रत्येकाचे नियम वेगळे आहेत. काही कॅल्क्युलस मागतात, बरीचशी स्टॅटिस्टिक्सला महत्त्व देतात, आणि काहींना एपीचं क्रेडिट चालत नाही, कॉलेजात केलेला कोर्सच लागतो. अर्ज करायची दहा-बारा कॉलेजं मनात असतील तर त्यांच्या पानांवरून आत्ताच तपासून घ्या. आणि कॅल्क्युलसचं काहीही झालं तरी स्टॅटिस्टिक्सचा एक चांगला कोर्स मुलाने करावाच. पुढे डॉक्टर म्हणून शोधनिबंध वाचताना त्याला कॉन्फिडन्स इंटरव्हल रोज भेटणार आहे, इंटिग्रेशन बाय पार्ट्स नाही.

एबीला ३ आले, त्यामागचं कारणही शोधा. मी वर्गात पाहतो, कॅल्क्युलसमध्ये नापास होणाऱ्या मुलांचं बहुतेक वेळा कॅल्क्युलस चुकत नाही. डेरिव्हेटिव्ह बरोबर काढतात आणि पुढे अपूर्णांक सोपा करताना, वर्गमूळ हलवताना, लॉगरिदमचे नियम लावताना घसरतात. तसं असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये बीजगणित आणि त्रिकोणमितीचा रोज तासभर सराव त्याला कुठल्याही कॅल्क्युलस क्लासपेक्षा जास्त फळेल.

घाटमाथा, १० जुलै

बीजगणिताचा विषय निघाला म्हणून लिहितो. पर्ड्यू म्हटलं की आपल्या मराठी माणसाला गणितज्ञ श्रीराम अभ्यंकर आठवायला हवेत. १९६३ पासून २०१२ मध्ये जाईपर्यंत ते तिथे प्राध्यापक होते, आणि पुण्यात १९७६ मध्ये भास्कराचार्य प्रतिष्ठान त्यांनीच उभं केलं. अल्जिब्राइक जॉमेट्रीतला इतका मोठा माणूस, पण शाळेत शिकवलं जाणारं साधं बीजगणित किती ताकदीचं आहे हे ते सतत सांगत. मुलाला पर्ड्यूला सोडायला गेलो तेव्हा गणिताच्या इमारतीसमोर उभं राहून मी त्याला हे सांगितलं होतं.

आणि खडूफळा सर, कॉम्प्युटर सायन्सच्या साखळीबद्दल तुम्ही लिहिलंत ते मान्य. तरीही २५० लवकर व्हावा असं मला वाटतं. आज मशीन लर्निंग, ग्राफिक्स, सर्च, कुठेही गेलं तरी मॅट्रिक्स समोर येतात. गूगलचं पेजरँक, म्हणजे पानांची क्रमवारी लावायची रीत, मुळात एका प्रचंड मॅट्रिक्सचा आयगेनव्हेक्टर काढणंच आहे.

गोदाकाठ, ११ जुलै

मी नाशिकजवळच्या एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला गणित शिकवते. अमेरिकेतली पद्धत वेगळी, पण वर चौथी_मितींनी जे लिहिलं ते मी दर जुलैमध्ये माझ्या वर्गात पाहते, म्हणून राहवलं नाही.

आमच्याकडे बारावीला ८० गुणांचा लेखी पेपर आणि २० गुणांचं प्रात्यक्षिक. त्याच वर्षी सीईटी: ९० मिनिटांत गणिताचे ५० प्रश्न. दोन वर्षं मुलांना एकच सवय लागते, प्रश्न पाहिला की मिनिट-दीड मिनिटात पर्याय निवडायचा. मग ती एफ.वाय.ला येतात, आणि आम्ही म्हणतो, 'ही क्रमिका अभिसारी आहे हे सिद्ध करा.' बारावीला नव्वदच्या वर गुण असलेली मुलगी कोऱ्या कागदाकडे बघत बसते. तिला येत नाही असं नसतं. इतका वेळ एकाच प्रश्नापाशी थांबायची परवानगी तिला कधी कोणी दिलेलीच नसते.

म्हणून पहिले काही आठवडे मी अभ्यासक्रमाची घाई करत नाही. रोज एक छोटं विधान देते आणि त्याची सिद्धता पूर्ण वाक्यांत, मराठीत किंवा इंग्रजीत, जशी सुचेल तशी लिहून आणायला सांगते. दुसरा विद्यार्थी ती वाचतो आणि जिथे 'का?' वाटलं तिथे खूण करतो. दिवाळीपर्यंत वर्गाचा चेहरा बदलतो. आपल्याकडे १९९३ पासून एमटीटीएस नावाचं गणिताचं उन्हाळी शिबिर चालतं, तिथून परतलेल्या मुलांमध्येही मी हाच बदल पाहते: उत्तरापेक्षा 'हे असंच का' याकडे वळलेली नजर.

केवडाताई, तुमच्या मुलीसाठी एक सुचवते. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आणि इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट यांच्या पदवी प्रवेश परीक्षांचे जुने पेपर इंटरनेटवर मोफत आहेत. बारावी झालेल्या मुलांसाठीच ते असतात, म्हणजे तिच्या वयाचेच. त्यातले लेखी उत्तरांचे प्रश्न घ्यावेत. एकेका प्रश्नाला आख्खी दुपार गेली तरी चालेल. गुण मोजू नका. संध्याकाळी ती जेवायला येईल तेव्हा त्या प्रश्नाबद्दल बोलत असेल, तर २९१ चं उत्तर तुम्हाला घरीच मिळालं.

अबोली_किरमिजी, १२ जुलै

मी आता सोफोमोर, म्हणजे दुसऱ्या वर्षाला आहे, वेगळ्या विद्यापीठात. मोठ्यांनी विषयाबद्दल लिहिलंय, मी बाकीच्या गोष्टी सांगते, कारण आम्हाला त्याच जास्त अडतात.

एक म्हणजे, येणारा कोर्स पुन्हा घेतला तर पहिला महिना सगळं ओळखीचं असतं. माझ्या मजल्यावरच्या कितीतरी मुलींनी त्या महिन्यात लेक्चरला जाणं सोडलं. सीरीज सेमिस्टरच्या शेवटी शेवटी आली तेव्हा अभ्यासाची लय गेलेली होती. त्यामुळे १५२ घ्यायचा असेल तर पहिल्या दिवसापासून नव्याने शिकतोय असं धरूनच घ्यावा, नाहीतर घेऊ नये.

सेक्शन निवडताना वेळेपेक्षा कोण शिकवतंय ते बघावं. एकच कोर्स दोन प्राध्यापकांकडे दोन वेगळे कोर्स असतात. वरच्या वर्गातल्यांना विचारलं की पाच मिनिटांत कळतं. रेसिटेशन (लेक्चरसोबतचा सरावाचा छोटा वर्ग) चुकवू नये. ऑफिस अवर्सना, म्हणजे प्राध्यापक शंकांसाठी ठेवतात त्या वेळेला, पहिल्याच आठवड्यात जावं, अडलेलं नसलं तरी. नंतर अडल्यावर त्या दारातून आत जायला धीर लागतो, तो आधी गेलेल्यांकडे असतो.

आणि पहिल्या सेमिस्टरला प्रोग्रामिंग, गणित आणि लॅबवालं सायन्स तिन्ही सगळ्यात कठीण पातळीचे घेऊ नयेत. त्यातला एक जड, बाकीचे मध्यम, एवढं पुरतं. घरापासून दूर राहणं हाही त्या सेमिस्टरचा एक विषयच असतो.

खडूफळा, १२ जुलै

अबोलीने लिहिलेलं प्रत्येक पालकाने वाचावं. यात एकच भर घालतो. बहुतेक विद्यापीठांत पहिल्या एक-दोन आठवड्यांत कोर्स बदलता येतो, ती तारीख कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा. मोठ्या ठिकाणीही हेच चालतं. हार्वर्डच्या मॅथ ५५ या पहिल्या वर्षाच्या अतिकठीण कोर्सबद्दल आपण कौतुकाने ऐकतो, पण तिथे सुरुवातीला ५५ ला बसलेली कितीतरी मुलं पहिल्या काही आठवड्यांत जरा सौम्य अशा मॅथ २५ ला जातात आणि पुढे उत्तम गणित करतात. एमआयटीमध्ये तर पहिल्या सेमिस्टरला नापासाची नोंद बाहेर जाणाऱ्या ट्रान्सक्रिप्टवर येतच नाही. मुलांनी या काळात अंदाज घ्यावा, हलावं, बदलावं, असं विद्यापीठांनाच वाटतं. बदलायची वेळ आली तर घरून 'अरे, मग आधी का घेतलास?' हा प्रश्न येऊ नये, एवढं आपण पालकांनी सांभाळायचं.

एक काळजीची गोष्टही सांगतो. मॅथेमॅटिकल असोसिएशन ऑफ अमेरिकाने २०१० च्या सुमारास कॉलेजातल्या कॅल्क्युलसचा देशभर मोठा अभ्यास केला. कॅल्क्युलस एकचं सेमिस्टर संपेपर्यंत मुलांचा गणितातला आत्मविश्वास आणि गोडी, दोन्ही घटलेली दिसली. या मुलांपैकी बहुतेकांनी शाळेत गणितात चांगलं केलेलं होतं. त्यामुळे पहिला कोर्स निवडताना मी स्वतः एकच गोष्ट मनाशी धरतो: डिसेंबरमध्ये या मुलीला पुढचा गणिताचा कोर्स घ्यावासा वाटला पाहिजे. फार सोपा कोर्स ती इच्छा मारतो, फार अवघडही मारतो.

केवडा_जर्सी, २१ जुलै

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मन लावून लिहाल असं वाटलं नव्हतं. काय झालं ते सांगते.

तीन प्रश्नांपैकी पहिल्यात तिने 'उणे २' लिहिलं. मग स्वतःच थांबली, आलेख काढला आणि 'आई, हे शक्यच नाही' म्हणून खोडलं. टेलरचा प्रश्न नीट सोडवला. मालिकेच्या प्रश्नात नियम आठवला, पण तो का लागू होतो ते सांगता येईना. नंतर १५२ चा जुना पेपर तिने तीन तास बसून सोडवला आणि नवऱ्याने उत्तरांशी ताडून तपासला. तीन चतुर्थांशाच्या थोडं खाली आली. बहुतेक गळती सीरीजमध्ये आणि एक पोलर क्षेत्रफळाचा प्रश्न. पेपर तपासल्यावर नवऱ्यानेच १५२ चा हट्ट सोडला, मला काही बोलावं लागलं नाही.

चेन्नईच्या पेपरातले प्रश्न तिने दोन-तीन दुपारी घेतले. एकावर ती फोनवर मैत्रिणीशी भांडेपर्यंत बोलली. दुसरा मात्र तिला कंटाळवाणा वाटला, तेही प्रामाणिकपणे लिहिते. गोदाकाठताई, तुमची खूण पूर्ण जुळली नाही, अर्धी जुळली.

तर ठरलंय ते असं: ऑगस्टमध्ये सीरीज आणि इम्प्रॉपर इंटिग्रल्स पुन्हा करायची. पहिल्या सेमिस्टरला साधा २५१ आणि १११. २९१ आत्ता नाही. वसंतातल्या सेमिस्टरला २५० आणि ३००, आणि डबल मेजरचं ३०० झाल्यावर ठरवायचं. २५० आणि ३०० एकत्र झेपतील का, यावर कोणी सांगेल का? २०५ पण त्याच सेमिस्टरला आहे.

चौथी_मिती, २१ जुलै

छान ठरवलंत. पण तिन्ही एकत्र नकोत. २०५ मध्येही लॉजिक, इंडक्शन, सेट्स असतात आणि ३०० च्या पहिल्या भागाशी ते बरंच जुळतं, त्यामुळे ती जोडी एकमेकांना मदत करते. २५० पुढच्या सेमिस्टरला ढकलला तरी चालेल. किंवा २५० आणि २०५ वसंतात, आणि ३०० दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला. मी पहिला पर्याय निवडला असता, कारण तिला मेजरचा निर्णय लवकर हवाय. घाटमाथांना २५० लवकर हवा होता, त्यांचा राग पत्करते!

घाटमाथा, २२ जुलै

राग नाही. पण उन्हाळ्यात एमआयटीची लिनिअर अल्जिब्राची, १८.०६ ची, व्याख्यानं मोफत आहेत ती तिने सवडीने बघावीत. मग २५० कधीही घेतला तरी सोपा जाईल.

सांजवात, २४ जुलै

आमच्याकडे १५१ ठरला. मुलाने बीजगणिताचा सराव सुरू केलाय, तक्रार करतोय पण करतोय. सर, आणखी एक: माझ्या भाचीने बारावीत असताना कम्युनिटी कॉलेजमध्ये (दोन वर्षांचं स्थानिक कॉलेज) मल्टिव्हेरिएबल केलंय, ए आहे. ती दुसऱ्या राज्यात जाणार. तिला ते क्रेडिट मिळेल का?

खडूफळा, २५ जुलै

मिळणं-न मिळणं त्या विद्यापीठाच्या गणित विभागावर आहे. शाळेच्या निकालपत्रावरची नोंद चालत नाही, कम्युनिटी कॉलेजचं अधिकृत ट्रान्सक्रिप्ट थेट तिथून पाठवावं लागतं. विभाग बहुधा अभ्यासक्रमाचा तपशील मागतो. ग्रीन, स्टोक्स आणि डायव्हर्जन्सचे तीन सिद्धांत शिकवले होते का, हे ते आवर्जून बघतात, कारण वेळ कमी पडला की नेमके हेच शेवटचे धडे गळतात. भाचीने त्या कोर्सचा सिलॅबस, पुस्तकाचं नाव, शिकवलेल्या प्रकरणांची यादी आणि फायनलचा पेपर असेल तर तो, सगळं आत्ताच एका फोल्डरमध्ये ठेवावं. कोर्सचं ऑनलाइन पान नंतर बंद होतं आणि मग ते मिळवताना फार धावपळ होते. आणि स्टोक्सचा धडा तिथे झालाच नसेल, तर क्रेडिट मिळालं तरी तो भाग तिने याच उन्हाळ्यात स्वतः करून घ्यावा.